विमान व खाण दुर्घटना, महाराष्ट्रातील

हवाई वाहतूक व खाणकाम या व्यवसायांतील ज्या दुर्घटनांत एकाच वेळी अनेक जीव गेले, अशा महाराष्ट्रातील व महाराष्ट्राशी निकटचा संबंध असलेल्या काही प्रमुख घटना आणि त्यांच्या चौकशीतून निष्पन्न झालेले सुरक्षिततेचे नियम यांचा परामर्श प्रस्तुत नोंदीत घेतला आहे. वरवर पाहता या दोन व्यवसायांत साम्य नाही. एकात माणूस जमीन सोडून वर जातो, तर दुसऱ्यात जमिनीच्या पोटात उतरतो. परंतु दोहोंत त्याला भोवतालचे प्रत्यक्ष दर्शन नसते. ढगातील वैमानिक व कोळशाच्या तोंडावर काम करणारा खाणकामगार हे दोघेही नकाशा, मापन-उपकरण व दुसऱ्याने पुरविलेली माहिती यांवर विसंबून पुढे सरकत असतात. महाराष्ट्राशी निगडित अशा दुर्घटनांचे चौकशी-अहवाल पाहिले, तर ज्याने घात केला ती गोष्ट बहुधा अज्ञात नव्हती असे दिसून येते. डोंगर नकाशावर होता, रस्ता धावपट्टीलगत होता, जुन्या खाणीतले पाणी व्यवस्थापनाला ठाऊक होते. ही माहिती योग्य वेळी योग्य माणसाच्या हाती उपयुक्त स्वरूपात नव्हती, अथवा असूनही तिची दखल घेतली गेली नव्हती.

राज्याच्या भूरचनेमुळे या दोन प्रकारच्या दुर्घटनांची क्षेत्रे स्वाभाविकपणेच वेगळी पडली आहेत. कोळशाच्या खाणी नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ या विदर्भातील जिल्ह्यांत आहेत. विमानवाहतुकीचे केंद्र मुंबई असून तेथे पूर्वेकडून वा ईशान्येकडून येणाऱ्या विमानाला सह्याद्री ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. नाशिक जिल्ह्यातील साल्हेर (१,५६७ मी.), नाशिक–अहिल्यानगर सीमेवरील कळसूबाई (१,६४६ मी.) व त्याच्या दक्षिणेस जुन्नरचे डोंगर ही या रांगेतील उंच ठाणी आहेत. ही रांग ओलांडल्यानंतर सु. शंभर किमी. अंतरात विमानाला समुद्रसपाटीपर्यंत उतरावयाचे असते. त्यामुळे वैमानिकाला आपले स्थान नेमके ठाऊक असणे येथे विशेष महत्त्वाचे ठरते. पावसाळ्यात डोंगरमाथे दिवसाही ढगांत असतात.

जुन्नरजवळील दुर्घटना (१९६२) : सिडनीहून रोमला जाणारे अलीतालिया कंपनीचे डीसी–८ जातीचे जेट विमान ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात बँकॉकहून मुंबईकडे येत असता जुन्नरजवळील दावंड्याच्या डोंगरावर सु. १,१०० मी. उंचीवर आदळले. ८५ प्रवासी व ९ कर्मचारी असे सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. अपघातस्थळ मुंबईच्या ईशान्येस सु. ८४ किमी. अंतरावर होते. विमानात बिघाड नव्हता. आपण मुंबईच्या प्रत्यक्षाहून अधिक जवळ आलो आहोत अशी वैमानिकाची समजूत झाली आणि त्याने उतरण्यास वेळेआधीच प्रारंभ केला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. उपलब्ध मार्गनिर्देशन-साधने वापरून स्थानाची खातरजमा न करणे, किमान सुरक्षित उंचीच्या मर्यादेचे उल्लंघन आणि या मार्गावरील भूप्रदेशाचा अपरिचय ही साहाय्यभूत कारणे नोंदविण्यात आली.

यांतील दुसरे कारण विशेष विचारार्ह आहे. वैमानिकाची स्थानाविषयीची कल्पना चुकू शकते हे गृहीत धरूनच किमान सुरक्षित उंची ठरविलेली असते. ती पाळली असता कल्पना चुकूनही विमान डोंगरावरून निघून जाते. जुन्नरला एक चूक झाली एवढ्यानेच अनर्थ झाला नाही. चुकीला सामावून घेण्यासाठी केलेली तरतूदही तिच्यासोबत मोडली गेली.

सुस्थितीतील व वैमानिकाच्या पूर्ण नियंत्रणाखाली असलेले विमान अजाणता भूमीवर आदळणे, हा अपघात-प्रकार दीर्घकाळ सर्वाधिक प्राणघातक मानला जात असे. एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर आदळून ११७ जण मृत्यू पावले. त्यांत अणुशास्त्रज्ञ होमी भाभा होते. विमानातील एक मार्गनिर्देशक ग्राही नादुरुस्त होता. पर्वत मागे पडला आहे असे वैमानिकाला वाटत होते. जिनीव्हाच्या नियंत्रकाने रडारवरून त्याची चूक सुधारण्याचा प्रयत्न केला, पण त्याच्या शब्दांचा अर्थ वैमानिकाने वेगळा लावला. माहिती दिली गेली, तरी ती पोहोचली नाही. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईस येणारे इंडियन एअरलाइन्सचे एचएस–७४८ (ॲव्हरो) विमान पनवेलजवळच्या डोंगरावर पावसाळी ढगांत आदळले व ४५ जण मरण पावले. जुन्नरच्या घटनेनंतर सतरा वर्षांनी, त्याच रांगेच्या परिसरात व त्याच ऋतूत ही दुर्घटना घडली.

कागदावरील नियमाला उपकरणाची जोड मिळाली ती याच सुमारास. खाली रेडिओतरंग सोडून जमिनीचे अंतर मोजणारे आणि ते धोकादायक वेगाने घटू लागताच वैमानिकाला आवाजी इशारा देणारे भूसामीप्य-सूचक यंत्र डॉन बेटमन या अमेरिकेतील अभियंत्याने विकसित केले. वॉशिंग्टनजवळील १ डिसेंबर १९७४ च्या अपघातानंतर (९२ मृत्यू) अमेरिकेने ते मोठ्या प्रवासी विमानांस सक्तीचे केले व आंतरराष्ट्रीय पातळीवरही त्याचा प्रसार झाला. या यंत्राची दृष्टी फक्त खाली होती. समोरचा उभा कडा त्याला उशिरा समजे. १९९० नंतरच्या दशकात भूप्रदेशाचा अंकीय नकाशा व उपग्रहांकडून मिळणारे स्थान यांचा मेळ घालून पुढचा डोंगर आधीच दाखविणारी सुधारित आवृत्ती आली. दावंड्याचा डोंगर १९६२ मध्येही नकाशावर होताच; वैमानिकापुढील पडद्यावर तो येण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला.

यंत्र व उपकरणे यांतील दोष : मुंबईतील दोन दुर्घटना या सदरात येतात. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मद्रासकडे निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेल विमानाच्या एंजिनातील संपीडकाची तबकडी धातुश्रांतीमुळे फुटली. इंधननलिका तुटून आग लागली व अखेरीस नियंत्रणे निकामी झाली. विमानातील सर्व ९५ जण मृत्यू पावले. १ जानेवारी १९७८ रोजी दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर १०१ सेकंदांनी वांद्र्याजवळ समुद्रात कोसळून २१३ जण बुडाले. विमान सपाट स्थितीत असताना कप्तानापुढील कृत्रिम क्षितिजदर्शक ते उजवीकडे कलल्याचे दाखवीत राहिला. कप्तानाने ते सावरण्यासाठी डावीकडे कल दिला आणि तो वाढतच गेला. पुढे अंधारा समुद्र असल्याने खरे क्षितिज दिसत नव्हते. सहवैमानिकाचे व राखीव तिसरे अशी आणखी दोन उपकरणे समोर होती, आणि उड्डाण-अभियंत्याने विसंगती लक्षात आणून देण्याचा प्रयत्नही केला होता. पण तिघांची माहिती एकत्र होऊन निर्णय होण्याइतका अवधी उरला नाही. तेनेरिफ बेटावरील २७ मार्च १९७७ च्या दोन विमानांच्या टकरीत ५८३ जण मरण पावले, त्यातही कनिष्ठ सहकाऱ्याची शंका कप्तानाने मनावर घेतली नव्हती. या काळातील अशा घटनांतूनच कक्षातील सर्वांनी परस्परांची उपकरणे ताडून पाहणे आणि कनिष्ठाने निःसंकोच हरकत घेणे यांचे पद्धतशीर शिक्षण देण्याची प्रथा पडली.

औरंगाबाद येथील दुर्घटना (१९९३) : दिल्लीहून जयपूर, उदयपूर व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) मार्गे मुंबईस जाणारे इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान २६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी औरंगाबादहून निघाले. विमान पूर्ण भरलेले होते आणि ऋतू उन्हाळ्याचा होता. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे पंखांना मिळणारा उद्धार व एंजिनाचा रेटा हे दोन्ही घटतात व धावपट्टीचा अधिक भाग खर्ची पडतो. विमान धावपट्टीच्या अगदी टोकाशी जमिनीवरून उठले. टोकापासून सु. १२५ मी. अंतरावरील बीड रस्त्यावरून त्याच वेळी कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला मालट्रक चालला होता. विमानाची डावी चाके व डाव्या एंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. जेमतेम हवेत राहिलेले विमान पुढे सु. ३ किमी. अंतरावर उच्च दाबाच्या विद्युत् तारांना लागून जमिनीवर कोसळले. एकूण ११८ जणांपैकी ५५ दगावले.

चौकशीत कारणे दोन ठरली. विमानाचे नाक उचलण्यात वैमानिकांनी केलेला उशीर हे एक, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक रोखण्याची व्यवस्था राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने न ठेवणे हे दुसरे. सार्वजनिक चर्चेत पहिल्याच कारणाला महत्त्व मिळाले. ते चूक नसले, तरी दुसरे कारण अधिक बोधप्रद आहे. रेल्वेमार्ग जेथे रस्त्याला छेदतो तेथे फाटक हवे, हे भारतात लहान मुलालाही समजते. विमानाचा मार्ग मात्र हवेतून जात असल्याने रस्त्याला तो छेदतो अशी कल्पना सहसा होत नाही. मालट्रकचा चालक, वैमानिक व नियंत्रक या तिघांच्याही दृष्टीने तो ट्रक उद्याही तेथून जाणार होता आणि विमानही उडणार होते. रोज घडणारी गोष्ट धोक्याची वाटेनाशी होते. धावपट्टीच्या पलीकडे ठरावीक अंतरापर्यंत अडथळामुक्त क्षेत्र राखण्याचे आंतरराष्ट्रीय निकष या बाबतीत पुरेसे स्पष्ट आहेत. वस्ती वाढलेल्या शहरांत ते पाळणे ही भूसंपादनाची व म्हणून राजकीय अडचण आहे.

नाशिक व लढाऊ विमाने : नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरॉनॉटिक्स लिमिटेडचा कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला. सोव्हिएट रशियाशी झालेल्या करारानुसार मिग–२१ विमानाचा सांगाडा ओझरला, एंजिने ओरिसातील कोरापुट येथे व इलेक्ट्रॉनिक साधने हैदराबादला तयार करण्याची योजना होती. मिग–२१ च्या विविध आवृत्त्या, मिग–२७ व नंतर सुखोई–३० एमकेआय ही विमाने येथे बांधली गेली. मिग–२१ हवाई दलातून सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले. सु. सहा दशकांच्या सेवेत ते युद्धांतील कामगिरीइतकेच अपघातांसाठीही चर्चेत राहिले. जुने होत गेलेले विमान व सुट्या भागांचा प्रश्न यांवर दोष ठेवला जातो; परंतु प्रशिक्षणाचा भाग तितकाच महत्त्वाचा होता. स्वनातीत वेगासाठी आखलेल्या या विमानाचे त्रिकोणी पंख लहान होते व उतरण्यापूर्वीचा त्याचा वेग ताशी ३०० किमी.हून अधिक राही. ‘किरण’ यासारख्या मंदगती शिकाऊ जेट विमानावरून तरुण वैमानिक थेट अशा यंत्रावर येत. मधली पायरी म्हणून प्रगत शिकाऊ जेट विमान हवे, अशी शिफारस ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये केली. त्यासाठी निवडलेल्या ब्रिटिश ‘हॉक’ विमानाचा करार २००४ मध्ये झाला आणि ते २००८ मध्ये रीतसर सेवेत दाखल झाले. दोष ओळखणे व तो दूर करणे यांत सव्वीस वर्षांचे अंतर पडले. तांत्रिक अडचणीने ते समजावून सांगता येत नाही.

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विमानाचे चाचणी-उड्डाण अपरिहार्य असते व ते नाशिकच्या शेतीप्रधान परिसरावरूनच होते. २७ जून २०१८ रोजी पिंपळगाव बसवंत परिसरात व ४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यातील शिरसगाव येथे सुखोई विमाने शेतांत कोसळली. दोन्ही वेळा दोघे वैमानिक उत्क्षेपक आसनाच्या साहाय्याने बाहेर पडून बचावले. चाचणी-उड्डाणात अपयश शक्य आहे हे आधीच मान्य केलेले असते आणि तेवढ्यापुरती तरतूद विमानातच बसविलेली असते. द्राक्षबागेत काम करणाऱ्यासाठी अशी तरतूद उड्डाणमार्ग व उड्डाणक्षेत्र निवडण्यातूनच होऊ शकते.

खाणींतील दुर्घटना : भारतात खाणकायदाच मुळी दुर्घटनांतून जन्मला. १८९७ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत ५२ व बलुचिस्तानातील खोस्त येथील कोळशाच्या खाणीत ४७ कामगार मरण पावले. त्यानंतर १९०१ चा खाण अधिनियम संमत होऊन १९०२ मध्ये निरीक्षण विभाग अस्तित्वात आला. इंग्लंडमध्येही असाच क्रम दिसतो. हार्टली येथील खाणीत १८६२ मध्ये पंप-एंजिनाची तुळई मोडून एकुलते एक विवर बुजले व २०४ जण मरण पावले. प्रत्येक खाणीला दोन वाटा हव्यात हा दंडक त्याच वर्षी कायद्यात आला. भारतात चिनाकुरी (१९५८) व धोरी (१९६५, २६८ मृत्यू) येथील स्फोटांनंतर वायू व कोळशाची धूळ यांविषयीचे निर्बंध कडक झाले [→ खाणकाम]. विदर्भ व त्यालगतच्या पेंच खोऱ्यातील मोठ्या दुर्घटनांत मात्र पाण्याने विशेष हानी केली.

छिंदवाडा जिल्ह्यातील (मध्य प्रदेश) न्यूटन चिखली खाणीत १० डिसेंबर १९५४ रोजी जुन्या, पाण्याने भरलेल्या बोगद्यांतील पाणी चालू कामात घुसून ६३ कामगार मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनेची यांत्रिकी सोपी आहे. कोळसा काढून झालेल्या पोकळीत झिरपा व पावसाचे पाणी वर्षानुवर्षे साचत राहते. नवे काम तिच्याकडे सरकते, तसतशी मधली कोळशाची भिंत पातळ होत जाते. पाण्याचा दाब त्याच्या उंचीवर अवलंबून असतो, साठ्याच्या विस्तारावर नव्हे, तीस मी. उंचीचा स्तंभ प्रत्येक चौ. मी. वर सु. तीस टन भार टाकतो. भिंत फुटण्यापूर्वी कधी कोळसा ओलावतो, कधी तो तडकल्याचा आवाज येतो, कधी काहीच पूर्वसूचना मिळत नाही.

१९५७ च्या कोळसा खाण विनियमांनी यावर स्पष्ट बंधने घातली. जुन्या व पाणी नसल्याची खात्री न झालेल्या कामांच्या ६० मी. परिसरात लेखी परवानगीशिवाय खोदकाम करावयाचे नाही. परवानगी मिळाल्यावरही बोगद्याची रुंदी व उंची २·४ मी. पेक्षा अधिक ठेवावयाची नाही. कामाच्या तोंडाच्या मध्यावर व दोन्ही बाजूंस आगाऊ छिद्रे पाडून ती तोंडाच्या किमान ३ मी. पुढे राखावयाची, अशी ही व्यवस्था होती. २०१७ मध्ये नव्या विनियमांनी त्यांची जागा घेतली. आंधळ्याने काठीने पुढची जमीन चाचपावी तसे हे छिद्र असते. त्यातून पाण्याची धार आली, तर भिंत अजून शाबूत असतानाच कामगारांना बाहेर काढता येते. ते पाडण्यास वेळ लागतो व तेवढा काळ कोळसा निघत नाही. नियमाची कसोटी लागते ती येथे.

१८ नोव्हेंबर १९७५ रोजी नागपूर जिल्ह्यातील सिल्लेवाडा खाणीत पाणी शिरून १० कामगार मरण पावले. त्यानंतर एकोणचाळीस दिवसांनी, २७ डिसेंबर १९७५ रोजी, धनबादजवळील चासनाला खाणीत वरच्या बाजूच्या जुन्या कामांतील पाणी मधला अडसर फोडून खाली कोसळले व ३७५ जण बुडाले. पाणी उपसण्यासाठी परदेशातून पंप आणावे लागले; कोणीही जिवंत हाती आला नाही. चासनालाचे नाव देशभर झाले, सिल्लेवाड्याचे झाले नाही. मृतांच्या संख्येवरून घटनेचे महत्त्व ठरविण्याच्या सवयीने लहान दुर्घटनेतील इशारा वाया जातो, याचे हे ठळक उदाहरण होय. विमानवाहतुकीत टळलेल्या टकरीचीही नोंद व चौकशी होते. खाणीत मात्र थोडे पाणी आले व थांबले, तर ते पंपाने उपसून काम पुढे चालू होते.

सुरक्षित अंतर मोजावयाचे ते आराखड्यावर, आणि आराखडाच चुकीचा असला तर नियमाचे काटेकोर पालनही निरुपयोगी ठरते. झरियातील बागडिगी खाणीत २ फेब्रुवारी २००१ रोजी शेजारच्या बंद जयरामपूर खाणीतील पाणी शिरून २९ जण मृत्यू पावले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील क्वेक्रीक खाणीतही जुलै २००२ मध्ये असेच झाले. शेजारील बंद खाणीचा अखेरचा आराखडा उपयोगात आणलेला नव्हता व जुन्या नकाशावर पाणी दूर दिसत होते. तेथील नऊही कामगार भूपृष्ठावरून पाडलेल्या विवरातून सुखरूप बाहेर आले. या पद्धतीचे त्याहून मोठे यश भारतातच राणीगंजजवळील महावीर खाणीत नोव्हेंबर १९८९ मध्ये मिळाले होते. अडकलेल्या ७१ पैकी ६५ जणांना अभियंता जसवंतसिंग गिल यांनी पोलादी संपुटातून एकेक करून वर काढले. संपुट घटनेनंतर स्थानिक कार्यशाळेत तयार करून घ्यावे लागले व गिल स्वतः त्यातून खाली उतरले.

चौकशीच्या पद्धतीतही दोन्ही व्यवसायांत फरक आढळतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १९५१ च्या परिशिष्टानुसार विमान अपघाताच्या तपासाचा एकमेव हेतू पुनरावृत्ती टाळणे हा असून दोष वा उत्तरदायित्व ठरविणे हा नाही. भारतात त्यासाठी २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण कार्यालय नियामक संस्थेपासून वेगळे स्थापन झाले. १९५२ च्या खाण अधिनियमाखालील चौकशी न्यायालय कारणांबरोबर जबाबदारीचाही विचार करी. मृतांच्या कुटुंबियांना न्याय हवा असतो व तो मागण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु ज्याच्यावर खटला होण्याचा संभव आहे, असा सर्वेक्षक वा पर्यवेक्षक घडले ते मोकळेपणाने सांगेलच असे नाही.

भुयारी खाणींचे प्रमाण घटून विवृत खाणी वाढल्यानंतर विदर्भात धोक्याचे स्वरूप पालटले. २४ जून २००० रोजी वणी क्षेत्रातील कावडी विवृत खाणीत पायऱ्या ढासळून १० कामगार गाडले गेले. ५ मार्च २००१ रोजी चंद्रपूरच्या दुर्गापूर रय्यतवारी खाणीत बाजूची भिंत कोसळून ६ जण मरण पावले. काळी माती व चिकणमातीचे थर पाणी शोषून घसरतात, म्हणून पायऱ्यांची उंची व उतार, कचऱ्याच्या ढिगाऱ्याचे कडेपासूनचे अंतर व पाण्याचा निचरा यांवर उताराचे स्थैर्य अवलंबून असते. उताराची मिलिमीटरमधील हालचाल टिपणारी रडार-उपकरणे आता उपलब्ध आहेत. त्यांनी दिलेल्या इशाऱ्यावर कामाची पाळी तत्काळ थांबविण्याचा अधिकार खाणीच्या तळाशी उभ्या असलेल्या पर्यवेक्षकाला दिलेला आहे की नाही, यावर त्यांचा उपयोग ठरतो.